ओळखीचा माणूस

सन 2020 च्या मे महिन्यात आग्रा रोडवरून उत्तरेकडे चाललेली माणसांची अखंड रांग ज्यांनी धुळ्यात पाहिली, त्यांना तिचे वर्णन नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. आणि ज्यांनी ती पाहिली नाही, त्यांना ते सांगून खरे वाटेल असा भरवसा मला नाही. मुंबई, ठाणे, भिवंडी, नाशिक येथून निघालेले मजूर डोक्यावर बोचकी आणि कडेवर लेकरे घेऊन मालेगाव मागे टाकीत, धुळ्यात घोटभर पाण्यापुरते टेकत, आणि शिरपूरवरून बिजासन घाटाच्या रोखाने मध्य प्रदेशची हद्द गाठण्यासाठी पुन्हा चालू लागत. टाळेबंदीमुळे मी देवपुरात बहिणीकडे अडकून पडलो होतो. महसूल खात्यातील चाकरी संपवून घरी बसलेला अव्वल कारकून, अंगात थोडीफार हिंडण्याची ताकद आणि हाताशी वेळच वेळ. तेव्हा गल्लीतल्या पोरांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचा व जेवणाचा जो मांडव घातला होता, त्यात मीही जाऊन उभा राहू लागलो. जाणाऱ्याला विचारावे, "कुठले?" तो सांगे, गोरखपूर, दुसरा सांगे, सतना, तिसरा नुसता जिल्हा सांगून पुढे होई. पायांना फोड आले होते, पदरी पैसा नव्हता, पण त्या प्रत्येकाला एक गाव होते आणि ते कितीही लांब असले तरी त्याच्या नावाने पाय उचलले जात होते. त्याच रस्त्याच्या कडेला, बंद दुकानांच्या सावलीला, या साऱ्या प्रवाहाकडे पाहत काही माणसे मात्र जागची हालत नव्हती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला जेवणाचे पुडके देताना मी सवयीने विचारले, "बाबा, तुम्हाला कुठे जायचे?" त्याने पुडके मांडीवर ठेवले आणि म्हटले, "आठेच."

चालणाऱ्यांची गोष्ट वर्तमानपत्रांतून सर्वदूर पोचली. या बसून राहिलेल्यांची कोणी लिहिली नाही. गाड्या सुरू झाल्यावर मी जळगावास परतलो आणि तेथे रात्री स्टेशनपासून नेहरू चौक, फुले मार्केट, गोलाणी मार्केट असा फेरा घालणाऱ्या एका लहानशा जथ्यात सामील झालो. जथा म्हणावे असे त्यात फारसे काही नाही. एक निवृत्त प्राध्यापक, एक औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी, केळीच्या व्यापाऱ्याचा एक मुलगा, ज्याच्याजवळ मालवाहू रिक्षा आहे आणि म्हणून जो आमच्यात सर्वांत महत्त्वाचा, आणि मी. ना संस्थेची नोंदणी, ना पावती पुस्तक, ना फलक. महसुली शिस्तीत आयुष्य गेलेल्या माणसाला आरंभी हा प्रकार अंमळ बेकायदा वाटत असे.

प्रथम आम्हीही अन्नच वाटले, कारण अनोळखी माणसाजवळ जाऊन बसण्यास काहीतरी निमित्त लागते आणि अन्नासारखे निमित्त दुसरे नाही. परंतु खानदेशातल्या या दोन्ही शहरांत रस्त्यावरचा माणूस सहसा भुकेने मरत नाही, हे लवकरच कळून आले. येथील लोक देण्यात हात आखडता घेणारे नव्हेत. गुरुवारी साईबाबा, शनिवारी मारुती, एकादशीला साबुदाणा, कोणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध, कोणाच्या नातवाचा वाढदिवस. खिचडीची पातेली एकामागून एक येत राहतात. अडचण एवढीच की, ती सारी एकाच दिवशी एकाच चौकात येतात आणि दुसऱ्या दिवशी तेथे कुत्रेही फिरकत नाही. हे गणित मला ज्यांनी शिकवले ते फुले मार्केटातल्या एका दुकानाच्या ओट्यावर निजणारे गृहस्थ होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, ते मला भाऊसाहेब म्हणत. कारण कचेरीतल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणावयाचे, ही आमच्याकडची जुनी वहिवाट.

आप्पांनी पहिल्याच रात्री आमच्या खिचडीचा घास तोंडात घेतला, क्षणभर थांबले आणि निवाडा दिला: "जिरं जळेल आहे." कोणी उपकृत माणूस असे बोलत नाही; हा कारागिराचा आवाज होता. त्यांची हयात लग्नाच्या पंगतींत आचाऱ्याच्या हाताखाली गेलेली. पाचशे पानांच्या वरण-बट्टीला गहू किती जाडसर दळावा, त्यात मक्याचे पीठ किती घालावे, बट्टी वाफेवरून कधी उतरवावी आणि तुपात सोडण्यापूर्वी किती निवू द्यावी, हे ते अशा बारकाव्याने सांगत की ऐकणाऱ्याने निमूटपणे वही काढावी. मी काढली. सन 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत, ही हकीकत आमच्या प्रांतात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिचा आणि माझ्या वहीचा संबंध जोडणे हे धारिष्ट्यच होय, पण ऐकून लिहिणाऱ्याचे स्थान बोलणाऱ्याच्या खाली असते, एवढे मात्र त्या हकीकतीवरून मनात ठसलेले होते. आणि बसावयाचे कुठे हा प्रश्न आप्पांनीच सोडवला. ओट्यावर पोते अंथरलेले होते, त्याची एक कड त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि हाताने झटकली.

ते बेघर कसे झाले, हे मी विचारले नाही. विचारण्याची ती पहिली गोष्ट नव्हे. पुढे ओघाओघाने जे कळले ते कोणत्याही हृदयद्रावक कथेत बसणारे नाही. लग्नसराईत त्यांना काम असे, चांगले असे, आणि हातात पैसाही खुळखुळे. आषाढी एकादशी आली की चातुर्मास लागे, मुहूर्त बंद, पंगती बंद, आणि खोलीचे भाडे मात्र चातुर्मास पाळत नाही. पत्नी होती तोवर ती धुणीभांडी करून ते चार महिने रेटून नेई. ती गेली, त्या वर्षी भाद्रपदात खोली सुटली, अनामत रक्कम थकलेल्या भाड्यात वळती झाली, आणि पुन्हा लग्नसराई आली तेव्हा हाती रोज येणारा पैसा रोज संपू लागला. त्यातला काही दारूतही गेला, हे त्यांनी लपवले नाही. बेघर माणूस म्हणजे काम नसलेला माणूस, असा जो समज आपल्या मनात असतो, तो आप्पांच्या शेजारी बसून टिकणे शक्य नव्हते. त्या ओट्यांवर निजणाऱ्यांत बाजार समितीतले हमाल होते, केळीच्या गाड्या भरणारे होते, वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणारे होते, हंगामात जिनिंगवर आलेले आणि हंगाम संपल्यावर परत न गेलेले सातपुड्यातले पावरे होते. कमाई होती, ती बारा महिने सारखी नव्हती, एवढेच.

ओट्याचीही एक व्यवस्था असते. रात्री दुकान बंद झाले की आप्पांनी ओटा झाडावयाचा, कुलपाकडे लक्ष ठेवावयाचे, पहाटे पाणी मारावयाचे, आणि त्याबद्दल दुकानदाराने तेथे निजण्यास हरकत घ्यावयाची नाही. लेखी काही नाही. मी त्यांना एकदा थट्टेने म्हटले की, मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 हा शेतजमिनीऐवजी ओट्याला लागू असता, तर 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कसणारी कुळे जशी मालक मानली गेली तसे तुम्हीही एव्हाना या ओट्याचे मालक झाला असता. आप्पा यावर बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "मंग मालमत्ता कर पण मीच भरू का?"

निवाऱ्याचा विचार निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर दिल्लीची कडाक्याची थंडी उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या जानेवारीत निवाऱ्यांसंबंधी जे आदेश दिले, त्यांनाही दिल्लीतील त्या हिवाळ्याचीच पार्श्वभूमी होती. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. तिचे प्रमाण असे की, एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची निवाऱ्यात सोय, आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहराची वस्ती 4,60,228 आणि धुळ्याची 3,75,559 होती. त्रैराशिक वाचकाने स्वतः मांडावे. मला येथे निराळेच सांगावयाचे आहे. आमच्या खानदेशात माणसाला रात्रीपेक्षा दुपार मारते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात गेला की, रात्री अंग टाकता येणारा ओटा दिवसा दुकानदाराचा असतो, झाडाखालची सावली रसवंतीवाल्याची असते, आणि सार्वजनिक नळ कोरडा असतो. म्हणून आमच्या तोंडी रुळलेला 'रात्र निवारा' हा शब्दच या मुलखाला गैरलागू आहे. योजनेत निवारा चोवीस तास उघडा असावा असे स्पष्ट म्हटले आहे आणि तो दुपारी बारा ते पाच या वेळात उघडा राहतो की नाही यावरच येथे त्याची परीक्षा करावी, असे माझे मत आहे. आम्ही ऐन उन्हाळ्यात फेऱ्याची वेळ बदलली. रात्री खिचडी नेण्याऐवजी दुपारी पाण्याचे जार, मीठ-साखर आणि ओली फडकी नेऊ लागलो. दुपारच्या वेळी माणसे बोलतही अधिक, कारण उन्हात कुठे जाता येत नसे.

जुन्या काळी धर्मशाळा असत. गाडगे महाराजांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे ज्या बांधवल्या, त्या तर दीनदुबळ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधवल्या. धर्मशाळेत वाटसरूने तीन दिवस राहावे, चौथ्या दिवशी उठावे, असा सर्वसाधारण रिवाज होता. पण पहिल्या दिवशी तू कोण, असे त्याला कोणी विचारीत नसे. आज कोठेही पथारी टाकावयाची तर अगोदर ओळखपत्र दाखवावे लागते. आणि येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. सरकार-दरबारचा सारा कारभार कागदावर चालतो अशी आपली समजूत असते. मी तो कारभार आतून पाहिला आहे, आणि माझा अनुभव असा की, कागदाच्या मागे अखेर एक माणूस उभा असावा लागतो. जबाबाखाली साक्षीदार, पंचनाम्याखाली पंच, जामिनाला जामीनदार, वारसाच्या चौकशीत गावचे चार प्रतिष्ठित. ज्याच्याजवळ एकही दस्तऐवज नाही त्याच्यासाठी 'परिचयकर्ता' उभा करावा, ही तरतूद 'आधार'च्या नियमांतसुद्धा आरंभापासून आहे. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की, मी हा इसम ओळखतो, असे सांगणारा कोणी असला म्हणजे बाकीचे मार्गी लागते. बेघर माणसाचे घर जाते तेव्हा भिंती-छप्पर तर जातेच, पण हे वाक्य उच्चारणारा शेजारी आधी जातो. आमच्या हातून निवारे उभे राहण्यासारखे नव्हते; शेजारी होणे तेवढे शक्य होते, आणि त्याला खर्च काही नव्हता, वेळ मात्र अतोनात लागे.

महसुली दप्तरात 'बेचिराख' गावांची एक वर्गवारी असे; ज्या गावात दिवा लावणारे कोणी उरले नाही ते गाव. 1818 साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा होळकरी धामधूम आणि 1803-04 चा दुष्काळ यांनी उजाड झालेल्या अशा गावांची येथे रेलचेल होती, आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याचे ठाणे आखून, सरळ गल्ल्या काढून बाहेरचे व्यापारी-कारागीर आणून वसवले ते या पार्श्वभूमीवर. घर नसलेल्या गावाचा हिशेब ठेवणाऱ्या दप्तराने घर नसलेल्या माणसाचा हिशेब फार उशिरा ठेवला. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीची रात्र बेघरांच्या मोजणीसाठी राखून ठेवलेली होती. उघड्यावर, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात, फलाटावर राहणाऱ्यांना त्या एका रात्रीत मोजावयाचे होते. कचेरीच्या वतीने देखरेखीसाठी मी शाळामास्तरांच्या एका तुकडीबरोबर स्टेशनच्या आवारात हिंडत होतो. मास्तर बॅटरीचा झोत अगोदर जमिनीवर टाकीत, मग हळूच वर नेत. कोणाच्या डोळ्यांवर एकदम उजेड पडू नये म्हणून. या मास्तरांना हे कोणी शिकवले नव्हते. देशभरात त्या रात्री सुमारे 17 लाख 73 हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली, त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातली. आकडा बरोबर असेल. पण आम्ही मोजून पुढे गेल्यावर मागे रुळांपलीकडून चादरी गुंडाळून परत येणारी माणसे मी पाहिली. सरकारी वही दिसली की उठून जावे, हा त्यांचा अनुभवसिद्ध नियम होता, आणि त्याला कारणही होते. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने भिक्षा म्हणजे काय ते सांगताना, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे वा थांबून राहणे याचाही त्यात समावेश केलेला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये दिल्लीपुरत्या त्यातील बऱ्याच तरतुदी रद्द ठरवल्या. ज्या राज्याने तो कायदा मुळात केला त्या आपल्या राज्यात तो उभा आहे.

धुळ्यास जाणे-येणे चालूच होते. पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या मंदिरापाशी एक म्हातारी बसे. तिची व माझी ओळख झाली ती माझ्या लंगडण्यावरून. मी पायरी उतरताना कण्हलो, आणि तिने मला हाक मारून रुईचे पान तापवून गुडघ्यावर बांधण्याचा उपाय सांगितला. त्यानंतर मी गेलो की पहिला प्रश्न तिचा असे: "तुना गुडघा कसा शे?" मग मी तिचे काही विचारावे. ती शुद्ध अहिराणी बोले. माझी अहिराणी कचेरीत बोथटलेली, पण तिच्यापाशी बसून पुन्हा धार लागली. गावाचे नाव ती सांगत नसे. मंदिराच्या आवारात खानदेशभरचे लोक येतात, त्यांत आपल्या गावचे कोणी ओळखू नये म्हणून चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत ती तेथून उठून दुसरीकडे जाई. ऐन यात्रेत, जेव्हा पदरात सर्वांत अधिक पडावयाचे तेव्हाच, ती जागा सोडून देई. तिला भिकारीण समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नवऱ्याच्या नावाची जमीन होती, एवढे तिच्या बोलण्यातून एकदा निसटले आणि माझ्यातला कारकून जागा झाला. तिच्या नकळत नव्हे, तिला विचारूनच, आणि तिने बऱ्याच विनवण्यांनंतर गाव सांगितल्यावर, मी सातबारा काढून पाहिला. उताऱ्यावर वारस म्हणून मुलांच्या बरोबरीने तिचे नाव शाबूत होते! पंधरा वर्षांचे फेरफार मी डोळ्यांत तेल घालून वाचले. कोठे हक्कसोडपत्र नाही, कोठे कमी केल्याचा शेरा नाही. 1956 च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवेला मुलांबरोबर जो वाटा मिळावयाचा, तो तिचा दप्तरी अबाधित होता. देवीच्या पायऱ्यांवर निजणारी ती बाई बागायती जमिनीची सहहिस्सेदार खातेदार होती. मी उत्साहाने तिला सारे समजावून सांगितले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे साधा अर्ज केला तरी मुलांकडून निर्वाहभत्ता मिळू शकतो, वकील लागत नाही, अर्ज मी लिहितो, हेही सांगितले. तिने उताऱ्यावर स्वतःचे नाव कोठे आहे ते बोट ठेवून दाखवावयास लावले, त्या जागेकडे बराच वेळ पाहिले, कागदाची बारीक घडी केली आणि ती कमरेच्या पिशवीत ठेवून दिली. अर्जाला मात्र ती शेवटपर्यंत कबूल झाली नाही. "आते जमीन लिसन काय करू? पोऱ्यानं नाव खराब व्हई." मी कायद्याची बाजू मांडीत राहिलो, ती सुनेने कोणत्या भांड्यावरून कोणता शब्द उच्चारला ते सांगत राहिली. न्याय तिला नको होता असे नाही. तिला तो मुलाने स्वतः चालत येऊन द्यावयास हवा होता, आणि तशी तरतूद कोणत्याही अधिनियमात नाही.

वेड्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती मजपेक्षा जाणत्यांनी लिहिलेली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 100 प्रमाणे अशा भटकणाऱ्या व्यक्तीस संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, तिला कोठडीत ठेवता येत नाही, आणि तिच्या घरच्यांचा शोधही घ्यावयाचा असतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी: रस्त्यावरच्या मनोरुग्णाला बरे करावयाचे आणि तो बोलू लागला की बोलण्यातून गावाचा माग काढून घरी पोचवावयाचे. आम्हाला एक बाई भेटली, तिची भाषा कोणालाच उमगेना. आमच्या प्राध्यापकांनी तिला गाणे म्हणावयास लावले, ते मोबाइलवर उतरवून घेतले आणि भुसावळला रेल्वेच्या वसाहतीत, जेथे हिंदुस्थानातली बहुतेक प्रत्येक भाषा बोलणारे एखादे बिऱ्हाड असते, दारोदार ऐकवले. एका तेलुगू गृहिणीने ते ऐकताच पदर तोंडाला लावला. ते तिच्या आजोळकडचे भात लावणीचे गाणे निघाले. तेवढ्यावर जिल्हा कळला, आणि पुढचे काम पोलिसांनी व्यवस्थित केले, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

आता एका मृत्यूविषयी. स्टेशनबाहेर एक अबोल गृहस्थ असत, पूर्वी जिनिंगमध्ये काम केलेले; कापसाची धूळ छातीत बसून खोकला जडलेला. त्यांच्याकडून फारशी माहिती मिळण्याचा संभव नव्हता, पण माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे काही नोंदी होत्या: डाव्या हाताची करंगळी अर्धी, मनगटावर गोंदलेला मारुती, भरीत म्हटले की डोळे उजळतात, भरिताची वांगी बामणोदचीच हवीत असा आग्रह, केळीला पाणी देण्याच्या पाळीविषयी न विचारता बोलतात, बहुधा यावल-रावेर भागातले. एका मेअखेरीस ते फेऱ्यात दिसले नाहीत. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आतल्या पानावर तो ठराविक मजकूर आला: अनोळखी पुरुष, वय अंदाजे 55 ते 60, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात निळसर सदरा; ओळख पटल्यास संपर्क साधावा. असे मजकूर मी जन्मभर वाचून पान उलटले असेल. या खेपेस मी व रिक्षावाला मुलगा शवागारात गेलो. चेहऱ्यावरून सांगणे कठीण होते. करंगळी पाहिली आणि मी सही केली. ठाणे अंमलदाराला मी बामणोदच्या वांग्यांची नोंद सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले, परंतु बिनतारी संदेश त्या बाजूच्या ठाण्यांना गेला, आणि तिसऱ्या दिवशी एक मनुष्य टोपी हातात घेऊन आला, भाऊ होता. तो रडला नाही. कागदपत्रांसाठी त्याने रेशनकार्डाची प्रत आणली होती, तीत मयताचे नाव अद्याप होते. इतक्या वर्षांत ते कमी का केले नाही, असे विचारता तो म्हणाला, "माय करू देत नाही. नाव कमी केलं तर तो आल्यावर काय खाईल, म्हणते." मी अनेक वर्षे पुरवठा शाखेत काढली आहेत, गैरहजर इसमाच्या नावावर उचललेले धान्य म्हणजे काय प्रकरण होते, ते मला चांगले ठाऊक आहे. नोकरीत असतो आणि ते कार्ड तपासणीस आले असते, तर मी त्या नावापुढे लाल शाईने शेरा मारला असता.

आप्पांच्या बाबतीत आम्ही पुढे मतदार यादीचा मार्ग धरला. बेघर माणसाला नमुना 6 भरताना वास्तव्याचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागत नाही. त्याने जी जागा सांगितली तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरोखर तेथे निजतो की नाही ते पाहावे, आणि एकाच रात्रीवर न थांबता पुन्हा जाऊन पाहावे, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. मला हा नियम फार आवडतो. इतक्या अदबीने लिहिलेले परिपत्रक मी क्वचित पाहिले आहे. नेमून दिलेल्या बाई, शाळेतल्या शिक्षिका, पतीला बरोबर घेऊन रात्री साडेदहाला फुले मार्केटात आल्या, आणि आप्पा बेपत्ता! ते पाचोऱ्याला लग्नाच्या कामावर गेलेले. बाई त्रासल्या नाहीत, दुसऱ्यांदा आल्या. तेव्हा आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ओट्यावर पाहुण्यांसाठी मांडी घालावी तसे बसून होते. त्यांनी बाईंना बसावयास पोते झटकून दिले आणि शेजारच्या टपरीवरून चहा मागवला, त्याचे पैसेही आम्हाला देऊ दिले नाहीत. शेजारच्या ओट्यावरच्या दोघा हमालांनी व मी, हा इसम येथेच निजतो, असे सांगितले. घर क्रमांकाच्या रकान्यात शून्य पडले.

नाव यादीत लागल्याचे सांगण्यास मी गेलो तेव्हा ते लसूण सोलत बसले होते. दुसऱ्या दिवशीच्या पंगतीची तयारी असावी. त्यांनी बातमी ऐकून घेतली, हात सदऱ्याला पुसले, यादीचा कागद उजेडात धरून पाहिला आणि मला विचारले, "मतदानाची तारीख कोणती पडते, भाऊसाहेब?" मी म्हटले, ती अजून जाहीर व्हायची आहे. "मग तुम्ही त्या दिवशी पंचांग पाही ठेवा," ते पुन्हा लसणाकडे वळत म्हणाले. "दाट तिथी असली, तर माझं काही खरं नाही."